हक्काची रजा: अर्ज, पोच आणि हिशोब

मुंबईतील दुकानात, पेढीवर किंवा लहान कार्यालयात रजा बहुधा तोंडीच मागितली जाते. संध्याकाळी गल्ला मोजून होत असताना कामगार म्हणतो, "शेठ, गणपतीला दहा-बारा दिवस गावी जाईन म्हणतो," आणि शेठ वहीतून मान वर न करता "बघू" म्हणतात. या "बघू"ला होकार समजून कामगार गावी जाऊन येतो. पुढच्या पगारात तेवढे खाडे कापलेले दिसतात आणि विचारायला गेल्यावर "तुला रजा दिली कोणी?" असे ऐकावे लागते. येथे चूक रजेवर जाण्याची नव्हती, रजा मागितल्याचा पुरावा न ठेवण्याची होती. कायद्याने कामगाराला रजेबाबत बरेच काही दिले आहे, परंतु त्यातील मोलाच्या तरतुदी "कामगाराने अर्ज केला आणि मालकाने तो नाकारला" या टप्प्यापासून लागू होतात. अर्जच नसेल तर नकारही नोंदला जात नाही, आणि नकार नसेल तर भरपाई कशाची मागायची हा प्रश्न उरतो. म्हणून पुढील मजकुरात किती रजा मिळते याबरोबरच ती कागदावर कशी आणावी यावर अधिक भर दिला आहे.

आपल्याला कोणता कायदा लागू आहे

पहिले काम म्हणजे आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे ठरवणे. दुकाने, हॉटेले, खासगी कार्यालये, गोदामे, सलून, माहिती तंत्रज्ञान कंपन्या या सर्वांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होतो. व्यापारी मंडळी आजही ज्याला "गुमास्ता" म्हणतात, तो हाच विषय. मात्र १९४८ चा जुना गुमास्ता कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून हा नवा कायदा आला. तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा वीसवर नेली. त्यामुळे चौदा-पंधरा माणसांच्या दुकानातील कामगाराला "आता तुम्हाला काहीच लागू नाही" असे सांगितले जाण्याची शक्यता आहे, आणि ते खरे नाही.

कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये "आस्थापना" या शब्दाची व्याख्या पुरेशी रुंद आहे: दहा किंवा अधिक कामगार असलेली उद्योगाची, व्यापाराची किंवा धंद्याची जागा तिच्यात बसते. कारखान्यांसाठी पूर्वी जो १९४८ चा कारखाने अधिनियम होता, त्याची जागाही याच संहितेने घेतली आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तरी वेतन संहिता, २०१९ मधील सात दिवसांतून एक दिवस विश्रांतीचे तत्त्व उरतेच, कारण ती संहिता माणसे मोजून लागू होत नाही. थोडक्यात, मालकाने एका कायद्याचे दार बंद असल्याचे सांगितले तर दुसरे दार उघडे आहे का हे पाहावे, आणि अर्जात शक्यतो दोन्हींचा उल्लेख करावा.

व्यवस्थापकीय, गोपनीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचे काम करणारे राज्याच्या कायद्यातून वगळलेले आहेत. येथे मुंबईत एक जुनी युक्ती चालते: पगार विक्रेत्याचा, काम विक्रेत्याचे, पण नेमणूकपत्रावर "असिस्टंट मॅनेजर". न्यायालये हुद्द्याचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. कोणाला कामावर घेण्याचा, कोणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कोणावर कारवाई करण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी आपण कामगार आहोत असे म्हणण्यास भक्कम आधार असतो. शिवाय अशा वगळलेल्या माणसांची यादी संकेतस्थळावर किंवा आस्थापनेत दर्शनी जागी लावण्याची अपेक्षा कायद्यानेच ठेवली आहे; ती यादी आहे का आणि तिच्यात आपले नाव आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

माथाडी आणि सुरक्षा रक्षक मंडळांत नोंदणी असलेल्या कामगारांच्या रजेच्या पगाराची रक्कम मालकाकडून लेव्हीच्या रूपाने मंडळाकडे जमा होते, म्हणून त्यांनी विचारणा मालकाकडे न करता मंडळाकडे करावी. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची परिस्थिती मात्र खेदजनक आहे. २००८ च्या राज्य कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळ दिले, पण पगारी रजेचा आकडा दिला नाही. महिन्याला दोन किंवा चार सुट्ट्या ही केवळ वहिवाट आहे. त्यामुळे नवे घर धरतानाच सुट्ट्या, गावी जाण्याचे दिवस आणि त्या दिवसांचा पगार यांविषयी बाईंशी बोलून ते मोबाइलवर संदेशाने पक्के करून घ्यावे, हाच त्यांच्यासाठी व्यवहार्य उपाय आहे.

आठवड्याची सुट्टी

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मिळाली. त्याआधी आठवड्याचा विसावा ही कल्पनाच गिरण्यांत नव्हती. पुढे अनेक वर्षे बाजार बंद राहण्याचा दिवस हीच कामगाराच्या सुट्टीची हमी होती. दादरचा बाजार सोमवारी बंद, म्हणजे दादरच्या दुकानातील माणूस सोमवारी घरी. २०१७ च्या कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. ग्राहकाची सोय झाली, पण शटर खाली येत नसल्यामुळे सुट्टी आपोआप मिळण्याची व्यवस्था संपली. आता प्रत्येक कामगाराची सुट्टी वेगवेगळ्या दिवशी लागते आणि ती लागली की नाही हे केवळ हजेरीपटावरून कळते.

नियम असा की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. ती नाकारली गेली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते, आणि विश्रांतीच्या दिवशी काम करून घेतल्यास वेतन दुप्पट दराने द्यावे लागते. दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे कपड्यांच्या, मिठाईच्या आणि भांड्यांच्या दुकानांत सुट्टी बंद असते, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी कोणत्या तारखेची सुट्टी बुडाली ते स्वतःच्या वहीत लिहावे आणि दिवाळी आटोपताच, दोन महिन्यांची मुदत उलटण्यापूर्वी, तारखांसह बदली सुट्टी मागावी. "दिवाळीत चार सुट्ट्या बुडाल्या" हे वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या चार तारखा, ते सांगता आले पाहिजे.

सण, किरकोळ रजा आणि हक्काची रजा

दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या असतात. "मिळून" हा शब्द बहुतेक ठिकाणी विसरला जातो आणि मालक जानेवारीत एक यादी चिकटवून मोकळा होतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा-बारा सहकाऱ्यांनी सह्या करून गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, गुढीपाडवा, ईद, नाताळ यांपैकी कोणते चार दिवस हवेत ते लेखी कळवले, तर ती यादी एकतर्फी राहत नाही. सर्वांचे सण एक नसतात, त्यामुळे ही चर्चा थोडी ताणली जाते. तरीही ती करावी. सणसुट्टीला कामावर बोलावले गेल्यास दुप्पट दराने वेतन आणि बदली रजा, अशा दोन्हींची मागणी लेखी नोंदवावी.

किरकोळ रजा, म्हणजे ज्याला सर्वजण सीएल म्हणतात, ती वर्षाला आठ दिवस. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते, म्हणून जानेवारीतच आठही दिवस मागता येत नाहीत. आणि वापरली नाही तर वर्षअखेरीस बुडते. तिचा पैसा होत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये शिल्लक सीएल असताना हक्काची रजा (कामाच्या दिवसांवर साचणारी पगारी रजा) खर्च करणे हा स्वतःच्या हाताने केलेला तोटा आहे, आणि तो करणारे लोक अनुभवी असतात याचे नवल वाटते. या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही, हेही ध्यानात ठेवावे. ताप आला तरी खर्च याच आठांतून होतो, त्यामुळे दोन-तीन दिवस पावसाळ्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

खरा हिशोब आहे तो हक्काच्या रजेचा. राज्याच्या कायद्यानुसार एखाद्या कॅलेंडर वर्षात २४० किंवा अधिक दिवस काम केले असेल, तर पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. २४० हा आकडा ऐकून पुष्कळ जण घाबरतात, पण तो गाठणे अवघड नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ आठवडी सुट्ट्या, ८ सणसुट्ट्या आणि ८ किरकोळ रजा वजा केल्या तरी २९७ दिवस उरतात, म्हणजे त्याखेरीज ५७ दिवस खाडे झाले तरच माणूस २४० वर येतो. शिवाय बाळंतपणाची रजा, आदल्या वर्षाची हक्काची रजा, मालकाने काम न दिल्यामुळे पडलेले कामबंदीचे (ले-ऑफ) दिवस आणि कामावरील अपघातामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे दिवस २४० मोजताना धरले जातात. फक्त त्या दिवसांवर नवी रजा साचत नाही.

समजा, परळच्या एका दुकानातील विक्रेत्याने गेल्या वर्षी २८० दिवस काम केले. २८० ला २० ने भागले की १४. यंदा त्याच्या नावावर १४ दिवस हक्काची रजा आहे. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

केंद्रीय संहितेचा, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचा, हिशोब थोडा निराळा आहे. तिथे पात्रतेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात, दर मात्र तोच, वीस दिवसांना एक. वर्षाच्या मध्ये नोकरीला लागलेल्या कामगाराने उरलेल्या वर्षातील दिवसांपैकी एक चतुर्थांश दिवस काम केले असले तरी त्या प्रमाणात रजा मिळते. जुलैत कामावर लागलेल्या मुलाला राज्याच्या कायद्याने त्या वर्षाची हक्काची रजा मिळणे शक्य नाही, कारण डिसेंबरपर्यंत २४० दिवस होतच नाहीत. संहितेखाली मात्र ती मिळू शकते. संहितेत पुढील वर्षी नेण्याची मर्यादा ३० दिवस आहे, परंतु रजा मागूनही नाकारली असेल तर ती मर्यादा लागत नाही. वर्षअखेरीस रजेचे पैसे मागण्याची सोयही तिच्यात आहे. म्हणून ज्याचे कामाचे दिवस १८० आणि २३९ यांच्या दरम्यान आहेत, त्याने संहितेचाच आधार घ्यावा.

कंत्राटदारामार्फत लागलेल्यांनी एक गोष्ट जपावी. दर काही महिन्यांनी "ब्रेक" देऊन नव्या नावाने कामावर घेण्याची पद्धत याच दिवसांच्या मोजणीला सुरुंग लावण्यासाठी असते. काम त्याच इमारतीत, त्याच यंत्रावर, त्याच साहेबाच्या हाताखाली चालू असल्याचे दाखवता आले तर बाजू मांडता येते. त्यासाठी जुनी ओळखपत्रे आणि गेटपास परत करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी अंतिमतः मूळ मालकावर येते.

अर्ज कसा आणि केव्हा करावा

पंधरा दिवस आधी. राज्याच्या कायद्यात हक्काच्या रजेच्या नकाराचे परिणाम मिळवण्यासाठी पंधरा दिवस आगाऊ अर्ज ही अट आहे, आणि तेरा दिवस आधी केलेला अर्ज मालकाला सुटण्याची वाट देतो. मुंबईत राहणाऱ्या कोकणातील माणसाला ही अट पाळणे खरे तर सोपे आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, आणि कोकणकन्येचे तिकीट मिळवण्यासाठी तो पहाटेपासून जागा असतो. ज्या दिवशी तिकीट हाती आले, त्याच दिवशी रजेचा अर्जही द्यावा.

अर्ज लहान असावा, कारणे फुगवू नयेत. हक्काच्या रजेसाठी आजी आजारी पाडण्याची गरज नाही. पुढील नमुना पुरेसा आहे: "मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून विक्रेता म्हणून काम करीत आहे. गेल्या कॅलेंडर वर्षातील माझ्या कामाच्या दिवसांनुसार माझ्या नावे १४ दिवस हक्काची रजा देय आहे. तिच्यापैकी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर करावी, ही विनंती. हिशोबात फरक असल्यास कृपया लेखी कळवावे. रजा मंजूर न झाल्यास तिचे कारणही लेखी मिळावे." शेवटची दोन वाक्ये काहींना उद्धट वाटतात, ती तशी नाहीत, त्यांच्यामुळे मालकाचे मौन नोंदले जाते.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसरीवर तारखेसह सही किंवा शिक्का घ्यावा. ही पोच हाच सर्व प्रकरणाचा कणा आहे. पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज ईमेलने पाठवावा, ईमेल नसेल तर व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवून खाली एक ओळ लिहावी, आणि प्रकरण ताणणार असे दिसले तर डाकघरातून पोचपावतीसह नोंदणीकृत स्पीड पोस्टने पाठवावा. इलेक्ट्रॉनिक संदेशालाही कायद्यात पुरावा म्हणून स्थान आहे, पण फोन बदलताना संदेश जातात. म्हणून त्यांची प्रत वेगळी ठेवावी.

दिवस मोजताना एक चूक सर्रास केली जाते. रजेच्या मध्ये आलेला रविवार किंवा सणसुट्टी रजेत धरली जाते, आणि मनुष्यबळ विभाग त्याला "सँडविच" असे रुचकर नाव देतो. हक्काच्या रजेच्या बाबतीत कायदा याच्या उलट आहे: रजेच्या मध्ये किंवा तिच्या आगेमागे आलेल्या सुट्ट्या रजेच्या दिवसांत मोजायच्या नसतात. समजा, एका कामगाराने सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत रजा घेतली, त्याची आठवडी सुट्टी रविवारी आहे आणि मध्ये गणेश चतुर्थी आली, जी ठरलेल्या आठ सणसुट्ट्यांत आहे. दिवस झाले तेरा. त्यातून रविवार आणि चतुर्थी गेली, म्हणजे खात्यातून अकराच दिवस जायला हवेत. पगारपत्रकात तेरा दिसले तर लगेच लेखी हरकत घ्यावी, वर्षअखेरीची वाट पाहू नये.

नकार मिळाल्यावर आणि नोकरी सोडताना

मालकाने रजा नाकारणे हे प्रत्येक वेळी बेकायदा नसते. हंगामात सगळे एकदम गेले तर दुकान चालणार नाही, हे कामगारालाही समजते. बेकायदा ठरते ते रजा नाकारणे आणि तिचा मोबदलाही बुडवणे. राज्याच्या कायद्यानुसार पंधरा दिवस आधी मागितलेली रजा नाकारली गेली तर ४५ दिवसांच्या वर साठणाऱ्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. मालकाने कामावरून काढले तर शिल्लक हक्काच्या रजेचे पैसे द्यावे लागतात. स्वतः नोकरी सोडणाऱ्यासाठी मात्र राज्याच्या कायद्यात एक बारीक अट आहे: रजा मागितली होती आणि ती नाकारली होती, तर पैसे. म्हणजे राजीनामा देण्याचे मनात असेल तर त्याआधी रजेचा लेखी अर्ज देणे, आणि मग नकार हाती आल्यावर राजीनामा देणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक क्रम उलटा करतात, रागाच्या भरात राजीनामा देतात, आणि "फुल अँड फायनल"च्या कागदावर रजेच्या रकान्यात शून्य पाहतात. केंद्रीय संहितेत ही अट नाही. काढले असो वा सोडले असो, साचलेल्या रजेचे वेतन दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी देय होते.

रजेचे पैसे काढताना भाजक किती हा नेहमीचा वाद असतो. मासिक पगाराला ३० ने भागले की दिवसाचा पगार कमी येतो, २६ ने भागले की वाढतो. २६,००० रुपयांच्या पगारावर हा फरक दिवसाला सुमारे १३३ रुपयांचा, म्हणजे १४ दिवसांमागे सुमारे १,८६७ रुपयांचा होतो. आठवडी सुट्ट्या वगळून महिन्याचे कामाचे दिवस २६ धरणे हे ग्रॅच्युइटीच्या हिशोबातही मान्य आहे, म्हणून कामगाराने २६ चाच आग्रह धरावा. कोऱ्या किंवा "सर्व येणे मिळाले" अशा मजकुराच्या कागदावर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये. करावीच लागली तर सहीखाली "रजेच्या वेतनाबाबत हरकत राखून" एवढे स्वतःच्या हाताने लिहावे.

आजारपण, बाळंतपण आणि इतर प्रसंग

पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा माणसे असतील तर कामगार राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. लांबलेल्या आजारात हाच खरा आधार आहे: सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांसाठी हा काळ आणि दर दोन्ही वाढतात. अट एकच, की दाखला ईएसआयच्या दवाखान्यातील किंवा कांदिवली, मुलुंड यांसारख्या तिच्या रुग्णालयांतील डॉक्टरांचा हवा. नाक्यावरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे पैसे मिळत नाहीत. आजारी पडल्या दिवसापासून तिथे नोंद करावी आणि दाखल्याची प्रत मालकाला पाठवावी, म्हणजे तो काळ बिनापरवाना गैरहजेरी म्हणून दाखवता येत नाही.

बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे आहे, त्यांपैकी प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. दोन मुले हयात असतील तर रजा बारा आठवडे. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की पुरे, २४० ची अट येथे नाही. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, आणि तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेतल्यास बारा आठवडे. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा सेवाशर्ती बदलून तोटा करणे कायद्याने मना आहे. "सध्या राजीनामा द्या, नंतर परत घेऊ" असा आपुलकीचा सल्ला ज्यांना मिळतो त्यांनी तो मुळीच मानू नये. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार केलेल्या स्त्रीला चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस अंतर्गत समिती करू शकते, आणि ती रजा इतर रजांतून वजा होत नाही.

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब या कलमाने दिलेला हक्क आहे, तो रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. ज्याच्या गैरहजेरीमुळे धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामाचा तेवढा अपवाद.

तक्रार कोठे करावी

आधी मालकाला एक शेवटचे पत्र द्यावे, त्यात देय दिवस, रक्कम आणि सात किंवा दहा दिवसांची मुदत लिहावी. त्यानंतर दुकान किंवा कार्यालय असेल तर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील दुकाने व आस्थापना विभागाकडे जावे. मुंबईत या कायद्याची अंमलबजावणी पालिका करते, आणि जुना निरीक्षक आता कागदोपत्री "सुविधाकार" झाला आहे. वेतनाची वसुली आणि औद्योगिक वाद यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. कारखान्यातील रजेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. बँक, रेल्वे, बंदर यांच्याशी संबंधित आस्थापनांसाठी केंद्राची स्वतंत्र कामगार यंत्रणा आहे. राज्याच्या कार्यालयात अर्ज दिल्यास तो परत येतो आणि महिने जातात.

तक्रारीसोबत नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, शेवटच्या बारा महिन्यांची पगारपत्रके किंवा बँकेचा उतारा, रजेच्या अर्जाची पोच आणि स्वतः ठेवलेली तारखांची वही जोडावी. पगार रोखीत मिळत असेल तर ही वही आणि दोन सहकाऱ्यांचे जबाब यांचे वजन वाढते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तेथे उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत वकील मिळतो, पण हे ठाऊक नसल्यामुळे लोक दलालांना पैसे देतात.

वेतन संहितेखालील दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तरीही थांबू नये, कारण मस्टर मालकाच्या ताब्यात असते आणि सहकारी नोकऱ्या बदलतात. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षाचे कामाचे दिवस आणि शिल्लक रजा लेखी मागावी. उत्तर आले तर ते जपून ठेवावे, आणि न आल्यास स्वतःचा हिशोब मालकाला ईमेलने पाठवून "हा आकडा चुकीचा असल्यास कळवावे" असे लिहावे.